बापाच्या मापाची खुर्ची

भाचीचा फोन आला तेव्हा तेबेलो मोकोटेडी स्वतःच्याच पलंगाखाली अडकला होता. चष्मा काढायला म्हणून तो आत शिरला, चष्मा हाताला लागला, आणि मग खांदे काही बाहेर येईनात. पलंग त्यानंच केलेला. सैन्यातून निवृत्त झाल्यावरचं ते पहिलं काम, आणि पहिल्या कामात माणूस हौस ओततो तसं त्यानं त्यात चार पलंगांचं लाकूड ओतलं होतं. तो पलंग दोघांना उचलत नसे, चौघांना दारातून नेता येत नसे, आणि लेसेगो, म्हणजे त्याची बायको, गेली नऊ वर्षं त्याच्या कोपऱ्यांवर नडग्या आपटून घेत होती. घरातलं सगळंच सामान तसं. जेवणाचं टेबल असं की गोळीबार सुरू झाला तर गल्लीतल्या सगळ्यांनी त्याच्याखाली यावं. कपाट खोलीतच केलेलं, आणि खोलीतच मरणार हे नक्की. प्रत्येक वस्तूच्या पोटाला, कुणी बघत नाही अशा जागी, तापल्या खिळ्यानं कोरलेला क्रमांक होता, कारण सैन्याच्या भांडारात क्रमांक नसलेली वस्तू ही वस्तूच नसते. फोन चटईवर वाजत राहिला. लेसेगोनं तो उचलला, दोन वाक्यं बोलली आणि वाकून पलंगाखाली सरकवला. "शोशोंगहून भाची आहे तुमची," ती म्हणाली. "मी सांगितलंय, मामा जिवंत आहेत, फक्त आडवे आहेत."

भाचीचा, सेतुन्याचा, आवाज पहिल्यापासूनच गोड. "मामा, जूनच्या शेवटच्या शनिवारी पाहुणे मला मागणी घालायला येतायत. तुम्ही या हं. नुसते या. काही आणू नका, काही करू नका, प्रवासानं दमाल. बोलायचं ते मोसेकीमामा बोलेल. तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय आम्ही." तेबेलोनं नाकापासून चार बोटांवर असलेल्या फळीकडे बघत "बरं" म्हटलं. मोसेकीमामा बोलेल, आणि तुम्ही या. त्याला अरे आणि आपल्याला अहो. वर आणखी खुर्ची ठेवलीय. पोरीनं किती मायेनं सांगितलं, आणि किती खोल गेलं ते. शेजारच्याच्या गाडीचा जॅक आणून पलंग वर उचलेपर्यंत पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात अंधारात पडल्या पडल्या तेबेलोनं एवढं एकच वाक्य शंभर वेळा उलटून पालटून पाहिलं. लेसेगो मधूनमधून विचारत होती, "अहो, झोपलात का?" झोप कसली येते.

आमच्याकडे पुरुषासाठी कुणी खुर्ची ठेवत नाही. आळीच्या खोत्ल्यात, खांबांच्या त्या अर्धवर्तुळात, पुरुष माणसं जमतात तेव्हा ज्यानं त्यानं आपली खुर्ची आपल्या हातानं न्यायची असते; बसकी, रुंद, बैलाच्या कातड्याच्या वाद्या ओवलेली. लांबून माणूस ओळखू येण्याआधी त्याची खुर्ची ओळखू येते. खुर्ची ठेवतात ती पाहुण्याला. ऑगस्टमध्ये काका वारले तेव्हा तेबेलो मयतीला गेला होता, हात हलवत, गॅबरोनेत माणसं जातात तसा. खोत्ल्यात सगळे आपापल्या खुर्चीवर टेकले आणि तो मधोमध उभा राहिला, बसस्टॉपवर उभं राहावं तसा. मग आळीचे प्रमुख, म्हातारे रा पुले, ज्यांनी लहानपणी शेळ्या पिकात घातल्या म्हणून त्याला वेताच्या छडीनं फोडला होता, ते म्हणाले, "कुणीतरी खुर्ची आणा रे यांना. बसा, रा," म्हणजे चक्क साहेब म्हणाले त्याला, "राजधानीहून आलात, दमला असाल." आणि पांढरी प्लास्टिकची खुर्ची आली, मंडपवाल्याकडची, मागच्या बाजूला निळ्या रंगात एकशे बारा आकडा लिहिलेली. तो त्या एकशे बारावर तीन तास बसला. त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं, मोसेकीनं, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. तेव्हापासून त्याची पाठ दुखते. लेसेगो म्हणते ते वयानं. डॉक्टर म्हणतो कमरेनं. दोघांनाही काय कळतंय.

बरं, मामा कोण हा काही वादाचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे बाप जाण्याआधी भावाबहिणींच्या जोड्या लावून जातो. कुठल्या बहिणीच्या लेकरांना कुठला भाऊ मामा, हे त्याच्या तोंडून ठरतं आणि मग ते कुणाला बदलता येत नाही. बापानं गुरांच्या तळावर, कुंपणाला टेकून, सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मोसेकी थोरलीचा आणि तेबेलो धाकट्या बासादीचा. म्हणजे बासादीच्या पोरीला, या सेतुन्याला, कुणी मागायला आलं तर उत्तर द्यायचं तेबेलोनं, आणि त्या दिवशी जे जनावर कापतील त्याचं डोकं खायचं तेही तेबेलोनं. पण तेबेलो सैन्यात गेला. तीस वर्षं बासादीच्या घरातलं प्रत्येक कार्य मोसेकीनं निभावलं. दोन मामांची कामं एकट्यानं ओढली आणि दोन्ही डोकी एकट्यानं खाल्ली. त्याबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही. तेच तर वाईट होतं. लहानपणी हाच मोसेकी उठता बसता शिव्या घालायचा, दावं नीट बांधलं नाही म्हणून कान पिळायचा, आणि आता काय, "आलात का, सार्जंट? बसा, सार्जंट. सार्जंटना चहा द्या." शांतिसेनेबरोबर सोमालियाला जाऊन आल्यावर गावानं विचारलं होतं, किती मारलेस, आणि तेबेलोनं सरळ मनानं खरं ते सांगितलं होतं: चौदा टेबलं, बासष्ट पलंग आणि अधिकाऱ्यांसाठी संडासाची एक बैठक, झाकणासकट. गाव त्यावर वर्षभर हसलं. मोसेकी मात्र हसला नाही. तो तेव्हापासूनच सार्जंट म्हणायला लागला.

म्हणून जॅकवरून पलंग खाली आला त्याच दिवशी तेबेलोनं ठरवलं, की जायचं ते आपली खुर्ची घेऊन. साधीसुधी नव्हे, बापाच्या खुर्चीसारखी. ती खरी खुर्ची मयतीच्या दिवशी कुठं दिसली नव्हती. वाळवीनं खाल्ली असेल, असं तो धरून चालला. लाकूड त्यानं घेतलं मोत्स्वेरेचं, शहराबाहेर कुणी जुना गुरांचा वाडा मोडत होतं तिथला पन्नास वर्षांचा खांब. मोत्स्वेरेला वाळवी लागत नाही, ते पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडतं, आणि करवतीनं त्याला हात घातला तर करवतच शरण येते. शेजारी म्हणाला, "अहो, दुसरं एखादं मऊ घ्या की. बसायचंय, युद्धाला जायचं नाहीये." पण तेबेलोला पुन्हा कधीच कुणी खुर्ची ठेवू नये अशी खुर्ची करायची होती. दोन करवती गेल्या, तिसरी त्यानं दगडावर घासून घासून कामाला लावली. अंगणात भुसा पडत होता तो भुसा नव्हताच, लोखंडाचा कीस असावा तसा जड आणि काळपट होता, आणि संध्याकाळी लेसेगो झाडू मारताना म्हणायची, "एवढ्या मेहनतीत तुम्ही एक बैल विकत घेऊन त्याच्यावर बसून गेला असतात."

मापाचा प्रश्न तेवढा राहिला होता, आणि तो तेबेलोला प्रश्न वाटलाच नाही. बापाची खुर्ची त्याला डोळे मिटले की दिसत होती. पश्चिमेकडचा तळ, काटेरी कुंपण, संध्याकाळी धुळीतून परत येणारी गुरं, आणि कुंपणाच्या तोंडाशी त्या खुर्चीत बसलेला बाप. तो गुरं मोजत नसे, नुसता बघे, आणि एखादं नसलं तर नाव घेऊन विचारी, ती तांबडी कुठं राहिली. तेबेलो शेजारी उभा असायचा. खुर्चीची बैठक त्याच्या छातीला लागायची, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण वाद्यांचा तो उग्र, तुपट वास थेट नाकात यायचा. बापाचा हात वरून, फार वरून, त्याच्या डोक्यावर यायचा. वाद्या सैल झाल्या की बाप त्या काढून पुन्हा ओवायचा, ओल्या वादीचं टोक दातात धरून ओढायचा, आणि तसाच दातांतून बोलत राहायचा. शेतीचं, पाण्याचं, कुठल्या गायीला कुठला बैल, सगळं शहाणपण तेबेलोला दात आवळलेल्या आवाजातच मिळालं. सैन्यात पहिल्याच दिवशी हवालदार तसा बोलला तेव्हा त्याला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं. मयतीत पाहिलेल्या बसक्या खुर्च्या त्याच्या हिशेबातच नव्हत्या, कारण बापाच्या खुर्चीपलीकडे थेट आकाशच सुरू व्हायचं. तेव्हा बैठक छातीला लागायची, म्हणजे... त्यानं टेपनं स्वतःच्या छातीपर्यंत मोजलं. मग जरा विचार करून कमरेपर्यंत मोजलं. मग त्यातूनही एक वीत कमी केली, कारण सैन्यात शिकवतात की नजरेचा अंदाज नेहमी थोडा जास्तच असतो. इतकी सावधगिरी बाळगल्यावर चूक होणं शक्यच नव्हतं.

तयार खुर्चीभोवती लेसेगोनं एक चक्कर मारली. मग म्हणाली, "ही बसायची आहे की पाखरं हाकायचं मचाण?" तेबेलो म्हणाला, "माझ्या बापाची अशीच होती." "मोजली होतीत?" "पाहिली होती." "किती वर्षांचे होतात तेव्हा?" पण तो प्रश्न त्याच्या कानावर पडला आणि खाली घसरला, कारण त्याच्या डोक्यात आता वाद्यांचं चाललं होतं. बैलाचं कच्चं कातडं आणलेलं होतं, ते भिजवायला मोठं पिंप हवं, आणि गॅबरोनेतल्या घरात पिंप कुठलं. म्हणून ते न्हाणीघरातल्या टबात गेलं. तीन दिवस होतं. पहिल्या दिवशी वास आला, दुसऱ्या दिवशी माश्या आल्या, तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या की घरात कुणी गेलंय का, आणि गेलं असेल तर कळवलं का नाही. लेसेगो टॉवेल खांद्यावर टाकून तीन दिवस शेजारी आंघोळीला जात होती आणि तिथं बसून जे काय सांगत होती ते हसण्यावरून भिंतीपलीकडून समजत होतं. तेबेलोला त्याचं काही वाटलं नाही. तो टबाच्या काठावर बसून ओल्या कातड्याच्या वाद्या कापत होता, एक टोक दातात धरून ओढत होता, आणि एकदा आरशात पाहिलं तर दात आवळलेला बापच समोर. त्याला एकदम रडू आलं. तोंडात वादी असल्यामुळे नीट रडताही येईना.

शुक्रवारी तो बसनं निघाला. लेसेगोला सुट्टी नव्हती, निघताना ती इतकंच म्हणाली, "नीट बोला. आणि वरून पडू नका." खुर्ची त्यानं घोंगडीत गुंडाळून, दोरीनं बांधून, शेजारच्या सीटवर उभी ठेवली होती. एका आजीबाईंनी बराच वेळ निरखून विचारलं, "काय झालंय त्यांना?" "खुर्ची आहे, मा," तेबेलो म्हणाला. आजीबाईंनी मान हलवली. "देव बरं करो," म्हणाल्या आणि उतरेपर्यंत अधूनमधून घोंगडीकडे दयेनं बघत राहिल्या. तेबेलो मनातल्या मनात भाषण घोकत होता. एका महिन्यात त्यानं ते तयार केलं होतं: आधी पूर्वजांची नावं, मग बासादीच्या लहानपणाची एक आठवण, मग पाहुण्यांना एक चिमटा, मग होकार. ते बोलायला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण आपली खुर्ची घेऊन आलेला माणूस, बापानं नेमून दिलेला मामा, समोर बसलेला असताना मोसेकी तरी कसा बोलेल? शोशोंगच्या टेकड्या दिसायला लागल्या तेव्हा त्याची खात्रीच पटली होती, आणि उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ती गेली. बासादीनं त्याला कपबशीत चहा दिला. बाकीचे सगळे पत्र्याच्या मगातून पीत होते. मागच्या अंगणात बैल कापत होते, तो बाह्या सरसावून गेला, तर दोघा तिघांनी एकदम म्हटलं, "नको, नको, कपडे खराब होतील तुमचे." सरपण उचलायला वाकला तर सेतुन्यानं हातातून काढून घेतलं. मोसेकी आला, हात पुसून त्यानं नमस्कार केला, आणि घोंगडीकडे पाहून म्हणाला, "सामान पुष्कळ आणलंत, सार्जंट." "हो, दादा," तेबेलो म्हणाला. "बरं केलंत," मोसेकी म्हणाला आणि बैलाकडे परत गेला. यापेक्षा त्यानं एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

पहाटे पाहुणे यायच्या आधी खोत्ल्यात जमायचं होतं. जूनची थंडी, प्रत्येकाच्या अंगावर कोट, तोंडातून वाफ, मधे रात्रभर धुमसलेली आग. बायका एका बाजूला चटयांवर पाय पसरून, शाली गुंडाळून बसल्या होत्या. तेबेलो मुद्दाम जरा उशिरा आला. घोंगडी काढली, खुर्ची आपल्या जागी ठेवली, कोटाचं बटण लावलं आणि बसला. आणि त्याला एकदम सगळ्यांच्या टोप्या दिसल्या. चेहरे नाही, टोप्या. लोकरीच्या, फेल्टच्या, एक कानटोपी, आणि रा पुलेंचं टक्कल, कारण त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मग टोप्या मागे कलल्या आणि खालून चेहरे वर आले, एकेक करून. खोत्ल्यात प्रमुखापेक्षा उंच कुणी बसत नाही. हे शिकवावं लागत नाही, शेळीलासुद्धा माहीत असतं. रा पुले मान वर करून त्याच्याकडे बघत होते, घारीकडे बघावं तसे, डोळ्यांवर हात धरून. चटयांवरून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि शालीत खोकल्याचं सोंग केलं. आणि तेव्हाच तेबेलोला मोसेकी बसलेली खुर्ची दिसली. मोत्स्वेरेचीच. डाव्या हाताला, बाप अंगठा ठेवायचा तिथं पडलेली खळी. वाळवीनं खाल्लेली नव्हती, कुठंही गेलेली नव्हती. मयतीच्या वेळी दुरुस्तीला पडली असेल, इतकंच. ती तेबेलोच्या नडगीइतकी होती. तिच्यावर बसल्यानं मोसेकीचे गुडघे हनुवटीशी आले होते. तेबेलो त्या खुर्चीकडे बघत राहिला. म्हणजे इतकीच होती ती. छातीला लागायची, कारण छातीच तिथं होती. बाप उंच नव्हता, आपण चार वर्षांचे होतो. कंबर मोजली, एक वीत कमी केली, सगळं केलं, आणि त्या पोराची उंची तेवढी मोजायची राहिली. त्याला खूप हसावंसं वाटलं.

"ए तेबेलो!" मोसेकी उठला होता. बसल्या जागेवरून ओरडणं जमेना म्हणून उठला होता, आणि उभा राहूनही भावाच्या डोळ्यांइतकाच आला, तेव्हा त्याचा पारा आणखी चढला. "उतर! उतर आधी खाली! माकडा, झाडावर बसलायस का? रा पुले खाली आणि तू वर? कुणी शिकवलं तुला हे? तीस वर्षं घरात पाऊल नाही, आणि आला तो ढगातून!" "दादा, बापाची..." "बापाचं नाव घेऊ नकोस! बापाला मी शेवटची दोन वर्षं उचलून बसवत होतो या खुर्चीत. तू कुठं होतास? टेबलं ठोकत होतास! आईला दवाखान्यात कुणी नेली, बैलगाडीतून? दुष्काळात एकोणीस गुरं गेली, एकेकाचं कातडं मी काढलं, या हातांनी. तू काय पाठवलंस? फोटो! गणवेशातला! आणि दर वेळी येतोस तो नवे बूट घालून, कपबशी घेऊन बसतोस, कुणाला एक शब्द विचारत नाहीस, दादा, काय करू? एकदा तरी विचारलंस? घोड्या! साठीला आलास, खुर्ची करता येत नाही!" तेबेलो उतरून भावासमोर सावधान उभा होता आणि त्याला एकेक शब्द लागत होता, कारण एकेक शब्द खरा होता. आणि तरी आतून काहीतरी सैल होत चाललं होतं, घट्ट बूट पायातून काढावा तसं. पाहुण्यावर कुणी असं ओरडत नाही. पाहुण्याला कुणी घोडा म्हणत नाही. कपबशी आपण मागितली नव्हती, हे सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नकोसं वाटलं, मधे बोललं तर मोसेकी थांबेल. "आणखी?" त्यानं विचारलं. "आणखी काय!" मोसेकी दम घेत म्हणाला. "पाहुणे आले वाटतं, ते बघ."

खरंच, शाळेकडच्या वळणावर कोटवाले पुरुष आणि शाली पांघरलेल्या बायका एका ओळीत येताना दिसत होते. रा पुलेंनी टोपी घातली. "पाय कापा तिचे," ते म्हणाले. कुणीतरी धावत जाऊन करवत आणली, मोसेकीनं खुर्ची आडवी पाडून एका पायावर करवत धरली, पाच सहा वेळा ओढली, आणि करवतीचे दोन दात उडून आगीत पडले. खुर्चीच्या पायावर नुसता ओरखडा. "कशाची केलीस ही?" "मोत्स्वेरे, दादा." "अर्थात. तुला सरळ काही सुचायचंच नाही." मोसेकीनं करवत फेकली, एकदा वळणाकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि पुढच्या क्षणाला कोटासकट गुडघ्यांवर बसला. "बघतोस काय? खण!" तेबेलोही बसला. वाळू वर थंड होती आणि खाली जराशी ऊबदार. दोघं चार हातांनी खणायला लागले, मोसेकी पुढचे दोन खड्डे, तो मागचे दोन, आणि तेबेलोच्या हातांना आपसूक आठवलं. कोरड्या नदीच्या पात्रात वासरांसाठी पाणी काढायला दोघं असेच खणायचे, समोरासमोर, डोकी एकमेकांवर आपटत, आणि पाणी दिसलं की मोसेकी आधी वासराला पाजायचा, मग त्याला, मग स्वतः प्यायचा. "इतका हळू काय खणतोस," मोसेकी पुटपुटला, "सैन्यात खंदक कोण खणत होतं, तुझी बायको?" "मी लाकूडकामाला होतो, दादा." "ते दिसलंच." खुर्ची खड्ड्यांत उतरवली, वाळू लोटली, पायांनी दाबली. तेबेलो बसला. मागच्या उजव्या खड्ड्यात जुनी राख लागली होती, त्यामुळे तो कोपरा आणखी वीतभर खचला, आणि तेबेलो तिरका झाला, पण रा पुलेंपेक्षा खाली आला. रा पुलेंनी मान डोलावली. चटयांवर शालींचे गठ्ठे हसून हसून हलत होते, आणि त्यात सगळ्यात जास्त हलणारा गठ्ठा बासादीचा होता.

पाहुणे आले, टोप्या काढल्या, समोर बसले. त्यांच्यातला बोलणारा माणूस अनुभवी दिसत होता. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली, कोपरापर्यंत वाळूनं माखलेल्या दोन म्हाताऱ्यांपाशी ती थबकली, तिथून जमिनीत रुतलेल्या खुर्चीवर गेली, आणि त्यानं काही पाहिलंच नाही असं दाखवलं. "आम्ही वाटसरू आहोत," तो म्हणाला. "तहान लागलीय. पाणी प्यायला वाळक्या भोपळ्याचं एक भांडं मागायला आलोय तुमच्या घरी." आमच्याकडे मुलगी अशीच मागतात. मग त्यानं रीतीप्रमाणे थांबून विचारलं, "मुलीचे मामा कोणते?" सगळी आळी मोसेकीकडे बघायला लागली. तीस वर्षांची सवय. तेबेलो स्वतःसुद्धा त्याच्याकडेच बघत होता. मोसेकीनं कोटावरची वाळू झटकली, गुडघ्यावरची झटकली, झटकायला काही उरलं नाही तरी झटकत राहिला. मग त्यानं हनुवटीनं भावाकडे खूण केली. "तो," म्हणाला. पाहुण्यानं जपून विचारलं, "ते... तिरके?" "हो. आमचाच आहे," मोसेकी म्हणाला. "लहानपणापासून असाच."

तेबेलोनं तोंड उघडलं आणि महिनाभर घोकलेल्या भाषणातलं एक अक्षर त्याला आठवलं नाही. पूर्वजांची नावं गेली, आठवण गेली, चिमटा गेला. समोर सगळे थांबलेले. तो भावाकडे वाकला, तिरका होताच म्हणून फार वाकावं लागलं नाही, आणि कुजबुजला, "दादा, आधी काय म्हणायचं असतं?" खोत्ल्यात कुजबुज म्हणजे दवंडीच, सगळ्यांनी ऐकलं. मोसेकीनं डोळे मिटून घेतले. "विचार त्यांना," तो दात आवळून म्हणाला, "तहान कुणाला लागलीय. गाढवा."

तेबेलो ताठ बसला, जमेल तितका, आणि तीस वर्षं कवायतीच्या मैदानावर वापरलेल्या आवाजात गरजला, "तहान कुणाला लागलीय?" पाहुण्यांपैकी दोघं दचकून उभे राहिले. कुंपणापलीकडे एक गाढव पळालं.

"हळू," मोसेकी म्हणाला. "पोरगी द्यायचीय. हल्ला नाही करायचाय."

तेबेलोनं आवाज खाली आणला आणि पुन्हा विचारलं.